विरजण

मुस्तकीम म्हणतो, आधी वास घ्या.
क्रॉफर्ड मार्केटमागच्या बोळात
पोपटांच्या पिंजऱ्यांखालून वाकून शिरायचं
आणि नाक पुढे करायचं
ओल्या गोणपाटातल्या दगडाकडे.
भरतीचा वास आला तर जिवंत.
नासक्या अंड्याचा आला, तर आत कुणीतरी मेलंय
आणि बाहेरच्यांना अजून कळवलेलं नाही.

मी वास घेतो.
तीस वर्षं कवळ्या घडवल्यात मी,
मेण, प्लास्टर, परक्या माणसांचे जबडे.
कशात किती पोकळी आहे
ते हाताला वजनावरून कळतं.
हा दगड नारळाएवढा, आणि उचलावा तर पावासारखा.
आरपार भोकं. वर जांभळी साय.
एका भोकातून केसाएवढं काहीतरी हललं,
मी बघतोय म्हटल्यावर आत गेलं.

ले जाओ, हीरा है.
कुठला?
समुंदर का.
कुठल्या समुद्राचा, मुस्तकीम?
तो पंख्याकडे बघतो. पंखा फिरत असतो.
दगडाची एक बाजू पांढरी आहे, ताजी,
छिन्नीची,
उपटलेल्या दाढेच्या मुळाशी असते तशी.
मी तो परत गोणपाटात ठेवतो,
हात पँटला पुसतो,
आणि तरी पाच मिनिटं तिथंच उभा राहतो.
खोटं कशाला सांगू, फार देखणा होता.

शेवटी कोरडेच घेतले. अकरा किलो,
पांढरेफटक, हाडं म्हणा हवं तर.
मुस्तकीमनं अर्ध्या मनानं तोलले:
इनमें जान नहीं है, डाक्टरसाब.
मी डॉक्टर नाही, हे त्याला बारा वर्षं सांगतोय.

मग ताडदेव. दिनशाकाका टाकी मोडतायत,
मुलीकडे देवळालीला कायमचे निघालेत.
वीस वर्षांचं पाणी बादली बादलीनं मोरीत.
एकच उरलाय, म्हणाले, मुठीएवढा.
आणला तेव्हा हाही असाच होता, खडूसारखा.
मग घाई केली नाही, बस.
ओल्या गुजराती पेपरात गुंडाळून दिला.
टॅक्सीत मांडीवर डबा. ड्रायव्हर म्हणाला, मच्छी?
म्हटलं, नाही, दगड.
चेंबूरपर्यंत तो पुढे काही बोलला नाही.

बाल्कनीत पिंप, पिंपात मोजून कालवलेलं मीठ,
पंपाची घुरघुर.
अकरा किलो मेलेल्यांत तो एक जिवंत सोडला.
आता? वृंदानं विचारलं.
आता सहा आठवडे थांबायचं.
हा त्यांच्यात पसरेल.
म्हणजे विरजणच की, ती म्हणाली
आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.
मी पानंच्या पानं वाचली होती यावर.
इतकं सरळ कुणी लिहिलं नव्हतं.

नळीतलं पाणी आधी हिरवं, मग आणखी हिरवं,
मग एका गुरुवारी पिवळं.
दगड टाकीत गेले. दिवा लागला.
शेजारचे टिपणीस येऊन बघून गेले.
मासे कुठायत?
नाहीत अजून.
मग दिवा कशाला?
बघायला.
काय बघता?
त्यांना दगड दाखवला. चहा घेऊन गेले बिचारे.

एक्केचाळिसाव्या रात्री: टक्.
वृंदाला वाटलं, गिझरचं बटण.
पुन्हा टक्.
दिनशाकाकांच्या दगडाच्या पोटातून.
बोटभर कोळंबी असते एक, चिमटा वाजवणारी,
दिसत कधीच नाही.

साडेअकरा वाजले होते, तरी फोन लावला.
ती अजून आहे? म्हणाले. अरे,
मी तर दोन वर्षांपूर्वीच गेली म्हणून सोडून दिली होती.
ऐकव.
मी फोन काचेला लावला.
टाकीत पाणी फिरतंय. दगड गप्प.
हात अवघडला, म्हटलं, काका, उद्या करू का?
राहू दे, म्हणाले,
राहू दे तसाच.